दुसऱ्यांदा न विचारलेला प्रश्न

कागदी सरांची एक गोष्ट मी आजवर इतक्या व्यासपीठांवरून सांगितली आहे, की आता जुन्नरमधली पोरंटोरंही ती मलाच ऐकवतात. सरांना इराणातल्या शिराज शहरी वर्षभर येऊन राहण्याचं बोलावणं आलं, सरांनी ते हात जोडून नाकारलं आणि पिंपरी पेंढारच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला, म्हणजे मला, आपल्या जागी पाठवलं. गुरू असावा तर असा! मग टाळ्या होतात, शाल-नारळ होतो, चहा होतो. पंच्याहत्तरी उलटून गेली, गुडघ्यांनी व्यासपीठं चढायचं नाकारलं, तेव्हा आता बसल्या जागेवरून एवढं सांगतो, की सरांना बोलावणं आलं आणि शिराजला मी गेलो, त्या गोष्टीतला एवढाच भाग खरा आहे. बाकीचं कसं झालं ते मला इथे लिहायचं आहे. पण आधी सर आणि त्यांची फारसी. कारण ते दिवस फार मजेत गेले, आणि पुढे मी जे केलं त्याने ती मजा मागे जाऊन पुसली जात नाही.

फारसीकडे मी काही आवडीने गेलो नाही. पेरणी उरकून शाळेत पोचायला मला पंधरा दिवस उशीर झाला, तोवर संस्कृतच्या वर्गातले बाक भरले होते. शिपाई म्हणाला, "त्या कोपऱ्यातल्या खोलीत जा. तितं बाक मोप रिकामं हायत." खोलीत तीन मुलं होती आणि फळ्याशी कागदी सर होते: काळी टोपी, पांढरी विरळ दाढी, आणि कोपराशी ठिगळ लावलेला पण कडक इस्त्रीचा कोट. त्यांच्या घराण्यात कधीकाळी हाताने कागद बनवण्याचा धंदा होता. धंदा गेला, आडनाव राहिलं. वर्ष संपेपर्यंत तीनही मुलं निघून गेली. एक मुंबईला मामाच्या दुकानात गेला, दोघे नापास झाले. वर्गात मी एकटा उरलो. एका विद्यार्थ्यासाठी सर हजेरी घेत. "किसन!" "हजर!" मग खोलीभर नजर फिरवून समाधानाने म्हणत, "आज सगळे आलेत."

सरांची शिकवायची पद्धत उलटी होती. ते उत्तरं शिकवतच नसत, आधी प्रश्न शिकवत. "उत्तर काय, कुणीही देतं," ते म्हणत, "ज्याला रीतीने विचारता येतं त्याला भाषा आली." पहिल्या दिवशी त्यांनी डस्टर उचलून विचारलं, "इन चीस्त?" आणि मग समजावलं: इन म्हणजे हे, चीस्त म्हणजे काय आहे. हे काय आहे. शब्द आपल्या मराठीच्याच रांगेत उभे. क्रियापद शेवटी, आणि काय, कुठे, केव्हा हे शब्द आपापल्या जागी. इंग्रजीत प्रश्न विचारायचा म्हणजे अख्खं वाक्य उचकटून आहे-नाही पुढे आणायचं, यात मी आठवीपासून मार खात होतो. फारसीत तो त्रासच नव्हता. 'शुमा कुजा मी-रवीद?' म्हणजे तुम्ही कुठे जाता. हो-नाहीचं उत्तर हवं असेल तर अदबीने वाक्याच्या तोंडाशी 'आया' ठेवायचं, पुढचं वाक्य जागचं हलत नाही. सर मला म्हणाले, "तुम्ही 'का' हे शेपटाशी बांधता, ते लोक 'आया' गळ्यात बांधतात. बैल तोच. घुंगरू कुठं बांधायचं एवढाच फरक." मला शेतकऱ्याचा मुलगा म्हणून त्यांनी हे उदाहरण दिलं, आणि ते माझ्या डोक्यात असं बसलं की पुढे शिराजमध्येसुद्धा कुणी 'आया' म्हटलं की मला घुंगराचा आवाज यायचा.

मी जुन्नरला शेवंताआत्याकडे राहत होतो. तिच्या घराला लागून पिठाची गिरणी होती. पट्ट्याची फटफट सुरू झाली की घरात बोलणं ओरडूनच करावं लागे, त्यामुळे माझी फारसीही ओरडूनच पाठ झाली. आत्या चुलीपुढे बसलेली, मी पाटावर. मी ओरडायचो, "आत्या, आया आब मैल दारीद?" म्हणजे आपली पाणी पिण्याची इच्छा आहे का. आत्या म्हणायची, "घसा बसलाय का रं तुजा? मीठ-हळद दिऊ?" पण आठ दिवसांत तिला 'चीस्त' फार आवडला. भाकरी थापता थापता उलथन्याने तवा दाखवायची. "किसना, हे चीस्त?" मग डेरा, मग शिंकं, मग दारात येऊन उभी राहिलेली शेजारची म्हैस. मला निम्म्या वस्तूंची फारसी यायची नाही, मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारून येई. एकदा ती म्हणाली, "लई सोपं हाय ह्ये. आपल्या 'काय हाय' वानीच शेवटाला येतंय. तुमचं ते विंग्रजी तोंडात आधी शेपूट घालतंय." आत्या शाळेची पायरी चढलेली नव्हती. सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "तुझ्या आत्याला माझा सलाम सांग," ते म्हणाले, "व्याकरण त्यांना आधी कळलं, तुला मागून."

शब्दांची रांग अशी चटकन आली, अवघड गेली ती अदब. साधा शब्द एक आणि दरबारी शब्द दुसरा. तुम्ही काय म्हणता, हे साधेपणाने 'चि मी-गूयीद'. पण मोठ्या माणसाला विचारायचं तर 'चि मी-फर्मायीद', आपण काय फर्मावता. आणि स्वतःबद्दल बोलताना मात्र चुकूनही फर्मावायचं नाही, आपण फक्त अर्ज करायचा. समोरचा येतो तेव्हा तशरीफ आणतो, आपण नुसते येतो. समोरचा 'जनाब', आपण 'बंदा'. मी एकदा वहीत लिहिलं की मी वडिलांना फर्मावलं. सरांनी लाल शाईने समासात लिहिलं, 'मग वडिलांनी काय केलं?'

ते वडील, आमचे अण्णा, पोराने नेमकी फारसी का घेतली हे बघायला एका बाजाराच्या दिवशी मोहल्ल्यात सरांच्या घरी आले. धोतर, पागोटं, हातात पिशवी. सरांनी उठून बसायला गादी दिली. अण्णांनी सरळ विचारलं, "मास्तर, संस्कृत शिकला असता तर पोथी तरी वाचली असती. ह्या फारशीचा आमाला उपेग काय?"

सर म्हणाले, "अण्णा, तुमची जमीन किती?"

"हाय थोडी."

"जनावरं?"

"दोन बैल, एक गाय."

"खरीप बरं की रब्बी? मजूर मिळतात? बाजार कसा आहे?" अण्णा उत्तरं देत गेले. मग सर म्हणाले, "जमीन, जनावर, खरीप, रब्बी, मजूर, बाजार. सगळे फारसीच्या दारातून आलेले शब्द. तुम्ही निम्मी फारसी घरातच बोलताय."

अण्णांनी जरा विचार केला. "मंग उरलेली निम्मी कशाला शिकवताय? ह्येवढ्यावर भागतंय की."

आतून कुणीतरी खुदकन हसलं. ती सरांची मुलगी नसीम. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान, आणि धाकट्या सलीमला कडेवर घेऊन पडद्यामागून सगळं ऐकायची तिची सवय. तेवढ्यात चाचींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, चहा पाठवला. त्या काळी आमच्याकडचे काही लोक मोहल्ल्यात पाणी प्यायला कचरत. अण्णा कचरणाऱ्यांतले नव्हते, पण रीत म्हणून म्हणाले, "नको, नको, आत्ताच झाला." सर म्हणाले, "घ्या हो." "न्हाई, खरंच नको." "अर्धा तरी." "बरं, तुमी म्हंताय तर," असं म्हणून अण्णा दोन कप प्याले. ते गेल्यावर सर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर धडा सापडल्याचा आनंद होता. "बघितलंस? हीच इराणची रीत. पहिला नकार अदबीचा, दुसरा लाजेचा, तिसरा असेल तर खरा. पहिल्या नकारावर जो ताट उचलतो, त्याला भाषा येत असेल, पण माणसं येत नाहीत." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही माझ्याकडे अजून आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही.

मॅट्रिकनंतर कॉलेजातही मी फारसी घेतली. कॉलेजात ती शिकवणारं कुणी नव्हतं, परीक्षा बाहेरून द्यायची आणि शिकायचं सरांच्या घरी. तोवर सरांना कमी ऐकू यायला लागलं होतं. डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवाही निघायच्या तयारीत होता. हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ऐकू आलं नाही की ते छातीवर हात ठेवून किंचित वाकत, समोरच्याला वाटे केवढा हा विनय. घरी रेडिओ होता. दुपारी त्यावर फारसी बातम्या लागत. तीस वर्षं ही भाषा शिकवूनही सरांनी ती तिच्या मुलखातल्या माणसाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि आता रेडिओ आला तर कान गेले होते. मग मी रेडिओला कान लावून बसायचो आणि ऐकलेलं वाक्य सरांच्या उजव्या कानाशी, त्यांच्या जुन्या उच्चारात, मोठ्याने म्हणायचो. बातमी कशाचीही असो, सरांचा चेहरा उजळायचा. शिराजचं नाव आलं की ते हात वर करून मला थांबवायचे. "पुन्हा म्हण," म्हणायचे. त्या गावातल्या बागा, कालवे, बाजाराचं छत त्यांना पुस्तकांतून इतकं पाठ होतं की पिंपरी पेंढारची वाट मला तितकी पाठ नसेल. "एकदा बघायचंय रे," ते म्हणायचे, "बघून परत यायचं. तिथं ठेवा म्हणत नाही मी." अशा रीतीने मी सरांचा कान झालो. हा विश्वास होता, हे लक्षात ठेवा.

एके दिवशी निरोप आला, की इराणातले एक विद्वान पुण्यात आले आहेत, जुन्नरच्या जुन्या कबरींवरचे फारसी लेख बघायला येणार आहेत, आणि ते वाचून दाखवायला सरांशिवाय कुणी नाही. घरात धांदल उडाली. चाचींनी बिर्याणीचा घाट घातला. आत्याला कळलं तेव्हा ती हटून बसली. "इराणचा पावना जुन्नरात येतोय आन मासवडी न खाता जाईल? व्हय रं?" सकाळपासून तिने बेसनाचं पीठ घेरलं, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून लांब वळ्या केल्या, सुरीने तुकडे पाडले, झणझणीत रस्सा केला, आणि डबा डोक्यावर घेऊन स्वतः मोहल्ल्यात गेली. पाहुणे उंच, शांत, अगदी हळू बोलणारे. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं. कबरींपाशी सरांनी लेख असे घडाघडा वाचले, झिजलेल्या अक्षरांच्या जागा आठवणीने अशा भरल्या, की पाहुण्यांनी वहीत लिहायचं सोडून नुसतं बघत राहणं पसंत केलं. जेवताना त्यांनी मासवडीचा पहिला तुकडा मासा समजून काटा शोधत खाल्ला. काटा नाही म्हटल्यावर, मग हे काय, असं त्यांनी विचारलं. आत्या दाराआडून ओरडली, "इन मासवडी अस्त!" सगळे हसले. पाहुण्यांनी छातीवर हात ठेवून आत्याला सलाम केला. त्यांना वाटलं, जुन्नरात सगळेच फारसी बोलतात.

जेवणानंतर त्यांच्याबरोबर आलेले पुण्याचे गृहस्थ गाडीचं पंक्चर काढून घ्यायला गेले. खोलीत आम्ही तिघेच उरलो: सर, पाहुणे आणि मधे मी. पाहुण्यांनी चहाचा पेला खाली ठेवला, सरसावून बसले आणि सरांकडे बघत सावकाश एक प्रश्न विचारला. "आया मैल दारीद यक साल दर शीराज तशरीफ दाश्ते बाशीद?" आपण एक वर्ष शिराजमध्ये तशरीफ ठेवावी, अशी आपली इच्छा आहे का. जाण्यायेण्याची, राहण्याची व्यवस्था त्यांच्याकडून. हिंदुस्थानातल्या जुन्या फारसी कागदांची यादी करायला त्यांना सरांसारखा माणूस हवा होता. सरांनी छातीवर हात ठेवला, म्हणजे ऐकू आलं नव्हतं. माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या उजव्या कानाशी वाक्य जसंच्या तसं म्हटलं. एकही शब्द बदलला नाही.

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी काहीच हललं नाही. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते खाली बघून, सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करत म्हणाले, "बंदा लायक नीस्तम. त्यांना सांग, मी कुठला एवढा." हा नकार पहिला होता. अदबीचा.

मला तेव्हा वीस वर्षं पूर्ण होत होती. जुन्नरच्या पलीकडे मी पुणं दोनदा पाहिलं होतं. पाहुण्यांचा प्रश्न सरांच्या कानात सांगताना तो माझ्याही कानात शिरला होता, आणि शिराजचं बोलावणं या खोलीत आलं आहे, ते आता कुणीतरी घेणार आहे, एवढंच मला दिसत होतं. मी पाहुण्यांकडे वळलो आणि सगळी अदब गाळून दोनच शब्द बोललो: "उस्ताद नमी-तवानन्द." उस्तादांना शक्य नाही.

पाहुण्यांना वाईट वाटलं. पण ते त्या रीतीचेच होते. म्हणाले, माझ्या वतीने पुन्हा विचारा. मी सरांच्या कानाशी वाकलो आणि मराठीत म्हणालो, "सर, आणखी चहा घेणार का विचारतायत."

सर जरा गोंधळले. "नको, नको," म्हणाले, आणि हात हलवला. पाहुण्यांनी तो हलणारा हात बघितला.

मग त्यांनी विचारलं, आपला एखादा विद्यार्थी आहे का जो येऊ शकेल? हे मात्र मी प्रामाणिकपणे सांगितलं, अर्धं. "तुमचा कुणी विद्यार्थी बरं वाचतो का, असं विचारतायत." सरांनी लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि वर्गात हजेरी घ्यायचे तसं अभिमानाने माझं नाव सांगितलं. गाडी आली, पाहुणे गेले. सर दारात बराच वेळ उभे होते. मला म्हणाले, "मोठी माणसं. पुन्हा विचारल्याशिवाय राहायची नाहीत."

दीड-दोन महिन्यांनी पत्र आलं, माझ्या नावाने, कॉलेजच्या पत्त्यावर. सुंदर वळणाची अक्षरं, आणि भाषा इतकी दरबारी की निम्मे शब्द मला अडले. आता माझ्या मूर्खपणाची कमाल बघा. अडलेले शब्द घेऊन मी कुणाकडे गेलो? जन्मभर ज्यांच्याकडे गेलो त्यांच्याकडेच. शब्द अडला की सर, हे इतकं अंगात भिनलेलं होतं की पत्रात काय असेल याचा विचारच केला नाही. सरांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदात बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, की आपल्या उस्तादांनी दोनदा विनंती करूनही उज्र केला, याचा खेद वाटतो.

गिरणीची फटफट इथपर्यंत येत नसे. तरी मला ती ऐकू येत होती.

सरांनी चष्मा काढला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "उज्र. हा शब्द तुझ्या वहीत नाही. कारण सांगून दिलेला नकार. दरबारी शब्द आहे. लिहून घे." मी लिहून घेतला. मग त्यांनी उरलेलं पत्र शेवटपर्यंत समजावलं, उत्तराचा मसुदा सांगितला, त्यात माझी दोन अर्ज-फर्मान दुरुस्त केली, आणि आत हाक मारून चाचींना म्हणाले, "किसन शिराजला चाललाय. तोंड गोड करा. मला विचारलं होतं त्यांनी, पण मीच नको म्हटलं." पडद्यामागे नसीम होती. हे वाक्य गावभर झालं, आणि त्याचीच पुढे मी ती टाळ्यांची गोष्ट बनवली.

शिराजमध्ये वर्ष फार छान गेलं, हेही लिहिलं पाहिजे. मी खाल्लं, हिंडलो, शिकलो. पण कुठल्याही घरी गेलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा विचारायचं, पुन्हा नको, पुन्हा विचारणं. दिवसातून दहादा. दहाही वेळा मला सतरंजीच्या दोऱ्याशी चाळा करणारी सरांची बोटं दिसायची. परत आल्यावर सरांनी मला महिनाभर प्रश्न विचारले. बाजाराच्या छताला झरोके किती? भाजीवालासुद्धा तशरीफ म्हणतो का? मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगायचो, ते पोट धरून हसायचे. त्या विषयावर ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पुढे त्या वर्षाच्या जोरावर मला पुण्यात जन्मभराचं काम मिळालं. सर जुन्नरातच वारले.

गेल्या हिवाळ्यात नातवाला म्हटलं, गाडी काढ, मंचरला जायचंय. नसीम लग्न होऊन तिकडे गेली, आता मुला-सुनांत असते. पंधरा-वीस वर्षांनी भेटलो. तिचे केस पूर्ण पांढरे झालेत, हसणं तेच. "या, किसनभाऊ! वाट चुकला का?" मी बसायच्या आतच सुरुवात केली, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. पाहुण्यांचा प्रश्न, सरांचं उत्तर, चहाची थाप, पत्र, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. सून चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

नसीमने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हणजे अब्बांना जायचं व्हतं?"

"हो."

"तुम्ही म्हणताय म्हणून नको. नक्की जायचं व्हतं?"

"नक्की. पुन्हा विचारायची वाट बघत होते."

"मला काय वाटायचं म्हाईतय का तुम्हाला? माझं लग्न ठरत व्हतं त्या साली. अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पोरीचं लग्न टाकून बाप कसा परमुलखात जाईल. मी जन्मभर हेच धरून बसले. माझ्यापायी अब्बांचं शिराज राहिलं. ईदला सुद्धा त्यांच्यापुढं मान वर करून बसले नाय कधी." ती थांबली, आणि अचानक हात कपाळाला लावला. "या अल्ला! कोट!"

"कसला कोट?"

"त्यांचा लोकरीचा कोट! तो पावणा येऊन गेला न्हाय का, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अब्बा रोज कोट गच्चीवर दोरीला उन्हात घालायचे. ऐन उन्हाळ्यात! अम्मी म्हणायची, याला काय कसर लागलीय का? तर म्हणायचे, असू दे, तिकडं थंडी असते म्हणतात. आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, म्हातारपण आलं." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. "जायचं व्हतं त्यांना. तयारी करत व्हते!"

मी म्हणालो, "नसीम, मी माफी मागायला..."

"थांबा हो जरा," ती म्हणाली, "तुमच्यावर मला रागवायचंय, लई रागवायचंय, ते मी विसरत नाय. पण आधी सलीमला सांगू द्या." आणि सुनेच्या हातातला फोन घेऊन, चहा तसाच ठेवून, ती जुन्नरला धाकट्या भावाला मोठमोठ्याने सांगू लागली, की अरे सलीम, अब्बा कोट उन्हात का घालायचे ठाऊक आहे का तुला?

मी थांबलो.